किब्रोथ-हत्तव्वाच्या धड्यानंतरचं जेवण

बावीस वर्षं नर्सचं काम केल्यावर आपल्याला आता कशाचीच किळस येणार नाही, असं मला वाटायचं. जखमेतले किडे मी चिमट्यानं काढलेत आणि हात धुऊन लगेच डबा खाल्लाय. पण तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, खुलताबादच्या पुढच्या माळावर आमच्या मंडळीचं शिबिर झालं, आणि तिथं मला किळस म्हणजे काय ते कळलं. ती माणसांची होती. सगळ्यांत जास्त माझी स्वतःची होती.

मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे लोक. शहरातलं लहानसं चर्च, ऐंशी-नव्वद घरं. बहुतेकांची गावं वैजापूर नाहीतर सिल्लोडकडची; आता कुणी शाळेत, कुणी कंपनीत, कुणी माझ्यासारखं दवाखान्यात. त्या वर्षी नवे पाळकसाहेब आले होते, तरुण आणि उत्साही. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकले आणि जिथं जिथं त्यांनी तळ दिला, त्या तळांच्या विषयावर तीन दिवसांचं शिबिर घ्यायचं त्यांनी ठरवलं. मंडळीतल्या एकाची माळावर शेती होती, सीताफळाची झाडं आणि एक विहीर. तिथं पाच तंबू ठोकले आणि प्रत्येक तंबूला एकेका तळाचं नाव दिलं. तरुण संघाला एलीम मिळालं, तिथं शास्त्रात, म्हणजे बायबलात, पाण्याचे झरे आहेत. आम्हा बायकांच्या तंबूला किब्रोथ-हत्तव्वा. माझ्या सासूबाईंनी पाटीवरचा तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, तो काही त्यांच्या जिभेवर बसेना. अर्थ काय, म्हणून त्यांनी विचारलं. लालसेच्या कबरी, असं मी सांगितलं. त्यांनी पाटीकडं पाहिलं, आत जाऊन सतरंजीवर बसल्या आणि पायाला तेल लावायला लागल्या.

साहेबांची दुसरी कल्पना जेवणाची होती. रानातल्या त्या लोकांना रोज आकाशातून पडणारा मान्नाच खायला मिळायचा, म्हणून आपणही तीन दिवस साधंच खायचं. सकाळी उपमा, दुपारी भाकरी आणि पिठलं, संध्याकाळी खिचडी. सभेत सगळ्यांनी हात वर करून हे मान्य केलं होतं. मीही केला होता.

स्वयंपाकाला खुलताबादचे एक म्हातारे चाचा होते. लग्नाकार्यात पन्नास वर्षं चुलीपुढं काढलेला माणूस. त्यांचा मटणाचा नान खलिया खाल्लेली माणसं त्यांचं नाव काढलं की डोळे मिटायची. त्यांना पिठलं ढवळायला लावलंय याचं लोकांना पहिल्याच दुपारी हसू आलं, आणि संध्याकाळी खिचडीचं पातेलं उघडलं तेव्हा ते हसू संपलं होतं. ताटं घेऊन बसलेली माणसं मागच्या लग्नांतली जेवणं आठवायला लागली. कुणाच्या हळदीला बिर्याणी कशी होती, कुणाच्या साखरपुड्यात मटण कसं कमी पडलं. एका बाईनं तर खलियाच्या तर्रीचा रंग कसा असतो, ते हातवारे करून सांगितलं. एक दिवस झाला होता. फक्त एक दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळचा धडा मला द्यायचा होता, आणि तो आमच्या तंबूच्या नावाचाच होता. गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. लोक मान्न्याला कंटाळले, तंबूंच्या दारांत बसून मांसासाठी रडले. मग समुद्राकडून वारा सुटला आणि त्यानं लावे पक्षी आणून तळाभोवती टाकले, दोन दोन हात उंचीचे थर. लोक दिवसभर, रात्रभर आणि पुन्हा दुसरा दिवसभर गोळा करत राहिले आणि तळाभोवती पसरत राहिले. मांस अजून दातांत होतं तोच मरी आली. ज्यांना लालसा झाली होती, त्यांना तिथंच पुरलं.

मी ही गोष्ट नर्ससारखी सांगितली. उन्हात पडलेल्या त्या ढिगांना दुसऱ्या दिवशी काय वास सुटला असेल, त्यावर माशा किती बसल्या असतील, याचा विचार करा, असं मी म्हणाले. लहान मुलींनी नाकं मुरडली. लोक अगदी शांत बसून ऐकत होते आणि मला माझ्या बोलण्याचा थोडा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू.

मी खाली बसले आणि जेवणसमितीचे प्रमुख उठले. बँकेतून निवृत्त झालेले, गोरेपान, कायम इस्त्रीच्या शर्टात असलेले काका. मंडळीच्या प्रत्येक कामात त्यांचा हात असायचा आणि तो हात मोकळाही असायचा, म्हणून त्यांना कुणी अडवत नसे. त्यांनी हसत हसत सांगितलं की सिस्टरांचा विषय आधीच ठाऊक असल्यामुळं त्यांनी एक गंमत ठरवली आहे. सिल्लोडकडं त्यांच्या ओळखीचा एक माणूस बटेर पाळतो. शास्त्रातले लावे म्हणजेच आपले बटेर. अडीचशे बटेर सोलून, साफ करून जीपमधून निघाले आहेत. संध्याकाळी प्रीतिभोजन.

टाळ्या पडल्या. मी आत्ताच ज्यांना त्या ढिगांचा वास सांगितला होता, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. ते काही म्हणणार होते, पण टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग नुसते हसले. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

जीप नऊला यायची ती दुपारी एकला आली. फुलंब्रीजवळ चाक पंक्चर झालं, मग स्टेपनीतही हवा नव्हती. पक्षी पहाटेच कापलेले. मोठ्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून वर बर्फ टाकला होता, त्याचं कधीच पाणी झालं होतं. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. जीप झाडाखाली लावली, पण सावली तासाभरात सरकली आणि पिशव्या तशाच मागं राहिल्या, कारण दुपारी प्रश्नमंजूषा होती आणि सगळे तिकडं होते.

तीनच्या सुमाराला मी प्यायचं पाणी गाळायला चुलीकडं गेले, तेव्हा चाचा पहिली पिशवी सोडत होते. गाठ सुटली आणि वास आला. फार मोठा नव्हता. गोडसर, जड, ओल्या फडक्यासारखा. पिशवीच्या तळाशी गुलाबी पाणी साचलं होतं. चाचांनी एक पक्षी उचलला. मुठीत मावेल एवढं उघडं शरीर, पाय पोटाशी घेतलेले. त्यांनी अंगठा त्याच्या छातीवरून फिरवला आणि अंगठ्याला तार आली, गुळाच्या पाकाला येते तशी. त्यांनी तो पक्षी परत ठेवला, राखेनं हात घासले आणि माझ्याकडं वळले.

"आपा, ये गोश्त उतर गया है. मेरे हाथ से नहीं पकेगा."

मी दुसरी पिशवी उघडून पाहिली. तिथंही तसंच. मी काकांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मांस खराब झालंय, तार येतेय, हे खाल्लं तर लोक आजारी पडतील, असं स्पष्ट सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सिस्टर, तुमचा धडा लई मनावर घेतला तुम्ही. बटेराला वास असतोच. व्हिनेगर लावू, हळद लावू, तेलात कडक तळू. तेलात काय जिवंत राहतंय?"

मी म्हणाले की जंतू मरतील, पण त्यांनी आधी सोडलेलं विष तळूनही जात नाही. त्यांनी मान हलवली, व्हय व्हय म्हणाले आणि आपल्या मेव्हण्याला लिंबं आणायला पाठवलं. चाचा करत नाहीत असं कळल्यावर ते म्हणाले की म्हाताऱ्याला पिठल्याचा राग आला असेल. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. चाचांनी भाताचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी शेजारच्या चुलीवर भात टाकला आणि तळणाच्या कढईकडं पाठ करून बसले.

मला तेव्हा काय काय करता आलं असतं याची यादी मी नंतर पुष्कळदा केली. पाळकसाहेबांकडं जाता आलं असतं. तंबूत जाऊन बायकांना सांगता आलं असतं. त्या पिशव्यांत रॉकेल ओतता आलं असतं. मी यातलं काही केलं नाही. मी सांगितलं, माझं काम झालं, असं म्हणून मी पाण्याचा हंडा घेऊन परत आले.

पाच वाजता तळण सुरू झालं. आलं, लसूण, लाल मिरची आणि गरम तेल. तो वास माळावर पसरला आणि त्याखाली आधीचा वास कुठल्या कुठं गेला. माणसं चुलीभोवती फिरायला लागली. दिवसभर भजनं म्हटलेली माणसं ताटं घेऊन उपासनेआधीच रांगेत उभी राहिली, आणि ज्या बाईनं आदल्या दिवशी तर्रीचा रंग सांगितला होता, ती दोन ताटं घेऊन उभी होती, एक येणाऱ्या जावेसाठी म्हणून. जाऊ शिबिराला आलीच नव्हती.

सूर्य मावळताना जेवायला बसलो. पक्षी एवढे लहान की अख्खा एक दोन घासांत संपायचा. सगळीकडं हाडांचा कडकड आवाज. बोटं चाटण्याचा आवाज. कुणाच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं, कुणी दातांत अडकलेलं काडीनं काढून पाहत होतं आणि परत तोंडात टाकत होतं. काका पातेलं घेऊन स्वतः वाढत होते. माझ्यापुढं ते आले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "घ्या, सिस्टर. आता सांगा वास येतो का."

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, खालची कवळी काढून ताटाशेजारी रुमालावर ठेवलेली, कारण कवळीनं हाडं चोखता येत नाहीत. त्या हिरड्यांनी एक पाय ओढत होत्या. सगळे माझ्याकडं बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी ताट पुढं केलं. खाल्लं. चव चांगली होती. हे लिहिताना मला अजून मळमळतं, पण चव चांगली होती आणि मी एकावर थांबले नाही. मी चार खाल्ले. चौथ्याच्या वेळी मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाजवळ, ती दुपारची गोडसर चव जिभेला लागली. मला ती ओळखू आली. मी गिळलं.

पहाटे साडेचारला पहिली बाई तंबूबाहेर पळाली. उजाडेपर्यंत चाळीसेक जण आडवे झाले होते. शिबिराला दोन संडास होते. लोक सीताफळाच्या झाडांमागं, बांधाआड, जिथं बसता येईल तिथं बसत होते, आणि काहींना तेवढंही जमलं नाही. तंबूच्या कापडावर, सतरंज्यांवर, भजनाच्या वह्यांवर, सगळीकडं उलट्या. त्यात काळी बारीक हाडं दिसत होती. माशा ऊन पडायच्या आत आल्या. मी स्वतः दोनदा ओकले, तोंड धुतलं आणि कामाला लागले, कारण दुसरं कुणी नव्हतं. साखर-मिठाचं पाणी करायला मी चाचांना उठवलं. ते रात्री तिथंच झोपले होते आणि त्यांनी फक्त डाळभात खाल्ला होता. ते दोन तास पाणी उकळत होते, गाळत होते, बादल्या भरून तंबूंत नेत होते. ज्यांनी त्यांच्या हातून पेले घेतले, त्यांची तोंडं मला आठवतात. लक्षात ठेवली आहेत म्हटलं तरी चालेल.

पाळकसाहेबांनी गाड्या बोलावल्या. सासूबाईंना मी पहिल्याच गाडीत घातलं. त्यांचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. त्यांना मी कपड्यांसकट पुसलं, पण गाडीत परत तेच झालं. त्या शरमेनं रडत होत्या आणि रडायला डोळ्यांत पाणी नव्हतं. शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची नाडी माझ्या बोटांना लागेनाशी झाली होती. माझा नवरा कंपनीतून शिफ्ट सोडून धावत आला. त्यानं विचारलं, तू होतीस ना तिथं? मी होय म्हणाले. त्याला एवढंच विचारायचं होतं, आईजवळ कुणी होतं का. मला ते वेगळं ऐकू आलं.

पाच दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. मूत्रपिंडं थकली होती, ती हळूहळू परत चालू झाली. देवाची दया, बाकीचे सगळे दोन-तीन दिवसांत उठले. कुणी दगावलं नाही. सहाव्या दिवशी त्यांना साध्या खाटेवर आणलं. मी चमच्यानं पेज भरवत होते आणि भरवता भरवता सांगून टाकलं. आई, मला दुपारीच कळलं होतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.

त्यांनी पेज गिळली. "मला काय वास आला नाय का?" त्या म्हणाल्या. "आला की. पहिल्या घासालाच आला."

मग खाल्लं कशाला, असं मी विचारलं.

"सगळे खात होते. अन् म्हटलं, ताटात आलंय तर वाया कशाला जाऊ द्यायचं." त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "लई ओशाळल्यासारखं वाटतंय मला. म्हातारपणी जिभेनं असं करावं."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे वास लपला नव्हताच. किती जणांना आला असेल, याचा मी त्या खाटेशेजारी बसून हिशोब लावायला लागले आणि मला सोसेना.

दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर सभा होती. काकांनी प्रार्थनेनं सुरुवात केली. देवानं सगळ्यांना वाचवलं, आता चूक कुठं झाली ते पाहू, असं ते म्हणाले. मग त्यांनी सावकाश, सभ्य भाषेत सांगितलं की बटेर तर कडक तळले होते, तेव्हा दोष भातात किंवा पाण्यात असणार, आणि ते दोन्ही स्वयंपाक्याच्या हातात होतं. पुढच्या वेळी आपलाच माणूस घेऊ. मागच्या बाकावरून कुणीतरी चाचांच्या हातांबद्दल आणि त्यांच्या लोकांच्या स्वच्छतेबद्दल एक वाक्य बोललं. ते मी इथं लिहिणार नाही. त्यावर दोघे-तिघे हसले. त्यांनीच त्या म्हाताऱ्याच्या हातून पेले घेतले होते.

दवाखान्यातल्या कुठल्याच वासानं माझं तसं झालं नव्हतं. घशाशी आंबट आलं. मी उठून उभी राहिले ते बोलायला की बाहेर जायला, हे मला उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हतं.

"मांस नासलेलं होतं," मी म्हणाले. "चाचांनी शिवायला नाही म्हटलं. मी काकांना सांगितलं, आणि मग संध्याकाळी मी स्वतः चार खाल्ले. भातात काही नव्हतं. ज्यांना ताटात वास आला होता, त्यांनी हात वर करावा."

कुणी हात वर केला नाही. पाळकसाहेब बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. मग तेच उभे राहिले आणि म्हणाले, "मला आला होता." त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. त्यानंतर तरुण संघातल्या एका मुलीनं केला. मग तर्रीवाल्या बाईनं, खाली मान घालून. शेवटी अकरा हात होते. काकांनी त्या हातांकडं पाहिलं, डायरी बंद केली आणि निघून गेले. त्यांचं कुटुंब आता दुसऱ्या चर्चला जातं. रस्त्यात भेटले तर ते सलाम घेतात, त्यांची बायको घेत नाही.

सभेनं चाचांची माफी मागायचं ठरवलं आणि पत्र लिहिलं. ते द्यायला मी आणि पाळकसाहेब खुलताबादला गेलो. वेशीच्या आत, चढावर, दोन खोल्यांचं घर. चाचांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि नातीकडं वाचायला दिलं. तिनं वाचलं. साहेब माफी मागायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मैंने भी क्या किया, साहब. मुंह फेर के बैठ गया. वो कढई उलटा देनी थी मुझे." मग माझ्याकडं बघून, माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "आपा, तुमाला बी नाय जमलं, मला बी नाय जमलं."

पुढच्या शिबिराला याल का, असं साहेबांनी विचारलं. ते नाही म्हणाले. रागावून नाही, गुडघे दुखतात, असं कारण दिलं. खरं कारण विचारायचं आमचं तोंड नव्हतं.

त्यांच्या बायकोनं चहा आणि बशीत शिरखुर्मा आणून ठेवला. माझ्या पोटात त्या दिवसांत काही ठरत नव्हतं, गोड तर मुळीच नाही. बशीतून तुपाचा वास वर आला. चाचा माझ्याकडं पाहत होते. मी चमचा उचलला आणि सावकाश, एकेक घोट पाणी पीत, ती बशी संपवली.